मेळाव्याच्या आदल्या दिवशीचे वाल

आमच्या सर्वधर्मीय मंडळाच्या मेळाव्यात दीपप्रज्वलन कधीच नव्हतं. ईशस्तवन नाही, स्वागतगीत तर नाहीच. मंडळ काढणाऱ्या म्हाताऱ्यांनी हा वाद पहिल्याच बैठकीत घालून संपवला होता म्हणे. समई लावायची तर मेणबत्ती का नको, आणि दोन्ही लावल्या तर मोहल्ल्यातल्या मास्तरांनी काय करायचं? शेवटी ठरलं, की देव ज्याने त्याने आपापल्या घरी उरकून यावा आणि मेळावा वहीने सुरू करावा. लाल कापडी बांधणीची, वाणी उधारीला ठेवतात तसली लांबडी वही. तिच्यात गेल्या वर्षीची गाऱ्हाणी लिहिलेली असत. चिटणीस गुरुजी एकेक वाचायचे आणि चष्म्यावरून बघत विचारायचे, "याचं काय झालं?" ज्याच्या अंगावर काम टाकलेलं असे त्याने उभं राहून सांगायचं. झालं, नाही झालं, अर्धं झालं. सबबी ऐकायला कोणाला वेळ नसे, कारण मागच्या चुलाण्यावर बिरड्याला फोडणी पडलेली असे.

गाव अष्टागरातलं, अलिबाग आणि रेवदंड्याच्या मधलं. नाव लिहीत नाही, कारण पुढे ज्यांच्या गोष्टी येणार आहेत ती माणसं अजून तिथेच राहतात. मंडळात माणसं सभासद नसत, संस्था असत. देवळाचे विश्वस्त, मोहल्ल्याची जमात, बुद्धविहाराची पंचायत आणि खाडीपलीकडच्या कोर्लईहून येणारी चर्चची मंडळी. कोर्लईकर आपसांत बोलायला लागले की आम्ही पोरं तोंडाकडे बघत राहायचो. पोर्तुगीज जाऊन दोनशे वर्षं होऊन गेली तरी त्यांच्या घरातली भाषा त्याच वळणाची राहिली आहे. शिवाय एक बेने इस्राएल आजोबा. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून त्यांचे पूर्वज इथे लागले असं ते मानत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. 1948 नंतर त्यांचे बहुतेक जातभाई इस्राएलला गेले; अलिबागच्या इस्राएल आळीचं नाव राहिलं, घरं रिकामी झाली. आजोबा ठाण्याला मुलाकडे असत, पण मेळाव्याला एसटीने न चुकता येत.

दिवस ठरलेला, मे महिन्यातला दुसरा रविवार. मुंबईचे चाकरमानी तेव्हा गावात असतात, विहिरींनी तळ गाठलेला असतो म्हणून पाण्याची भांडणं ऐन भरात असतात, आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेले कातकरी परतायला लागलेले असतात. गाऱ्हाण्यांना याहून चांगला मुहूर्त नाही.

जेवणाचा बेत मात्र सोपा नव्हता. मांस म्हटलं की हलालचा प्रश्न, शाकाहारी विश्वस्तांचा प्रश्न, आजोबांचा तर वेगळाच, कारण त्यांच्यात मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. म्हणून वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या, कच्च्या फणसाची भाजी, आमरस आणि सोलकढी. नारळाच्या दुधाला कुठल्याच धर्मात आडकाठी नाही. तोंडी लावायला पांढरा कांदा, मांडवाच्या खांबाला वेणी टांगलेली असे आणि ज्याला हवा त्याने तोडून घ्यावा. असा गोड कांदा मी नंतर कुठे खाल्ला नाही. माझं हे मत अलिबागकरी आहे, तेवढं धरून वाचावं.

बिरड्याची तयारी दोन दिवस आधीपासून. कडवे वाल शुक्रवारी भिजत घालायचे, रात्री उपसून फडक्यात आवळून बांधायचे आणि वर वरवंटा ठेवायचा. शनिवारी दुपारी गाठोडं सोडलं की मोडांचा तो उग्र, कच्चट वास सगळ्या अंगणात पसरायचा. मग वाल कोमट पाण्यात टाकायचे. साल सैल होते. अंगठा आणि तर्जनीत धरून नेमका दाबला की पांढरी डाळिंबी सुळकन बाहेर येते, मोडासकट. जोरात दाबलं की दोन दळं सुटतात आणि शेजारची खाला डोळे वटारते. एवढ्या माणसांचे वाल सोलायचे म्हणजे वीस-पंचवीस बायका आणि झाडून सगळी पोरं संध्याकाळ होईस्तोवर घमेल्यांभोवती बसलेली. पाण्याने बोटांच्या पेरांना सुरकुत्या पडायच्या. कोणाची सून कशी, कोणाच्या विहिरीला पाणी किती, कोणाचा नवरा पितो, हे सगळं तिथे निघायचं. वहीत जायची ती निम्मी गाऱ्हाणी आधी त्या घमेल्यात पडत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पण हे असं आधीपासून नव्हतं. माझ्या लहानपणी बुद्धवाडीतल्या बायकांकडे मांडवाचा केर, लाकडं आणि पत्रावळी असत. वालाला त्यांना कोणी बोलावत नसे. कोणी नको म्हणालं नव्हतं, फक्त बोलावत नसत. एका वर्षी वही वाचून झाल्यावर विहारातली आक्का उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, लिवा. वालाला आमी का नाय?" गुरुजींनी लिहिलं. मांडवात कोणी बोलेना. पुढच्या वर्षी वाल सोलायची जागाच विहाराच्या अंगणात ठरली. माझ्या आजीला त्या वर्षी नेमका उपास निघाला. रविवारी कसला उपास, हे तिला घरात कोणी विचारलं नाही. पुढच्या वर्षीही निघाला. तिसऱ्या वर्षी सुटला, आणि बिरड्यात गूळ कमी पडला म्हणून ती आक्काशी भांडली सुद्धा.

गुरुजींना महाडची गोष्ट सांगायची हौस होती. प्रत्येक मेळाव्यात सांगायचे, आम्हाला पाठ होती, तरी ऐकायचो. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव 1924 सालीच झाला होता, पण कागदावर. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर गावाने तळ्याची शुद्धी केली, सत्याग्रहींना मारहाण झाली. डिसेंबरात पुन्हा परिषद भरवायची तर मांडवाला जागा द्यायला गावातला एकही हिंदू तयार होईना. जागा दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने. त्या जागेवर मांडव पडला आणि 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा खटला पुढे दहा वर्षं चालला. 1937 साली उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने लागला. इथवर आलं की गुरुजी विश्वस्तांच्या बाकाकडे बघत आणि मास्तर दाढीतल्या दाढीत हसत. मास्तर म्हणजे उर्दू शाळेतले निवृत्त शिक्षक, जमातीचे प्रतिनिधी. त्यांना हसू दिल्यावर गुरुजी पान उलटायचे. "हां मास्तर, आता तुमच्याकडचं वाचू?"

1987 चा मेळावा मला नीट आठवतो. मे महिना आणि रमजान एकत्र आले होते, म्हणून पंगत संध्याकाळी रोजा सोडल्यावर ठरली आणि भुकेने सगळेच चिडलेले. त्या वर्षी मोहल्ल्यातल्या एका बाईचं गाऱ्हाणं होतं. नवऱ्याने तलाक देऊन टाकलेला, दोन पोरं, भावाच्या घरी राहायची, पोटगीचा पत्ता नाही. तलाक दिलेल्या शाहबानोला पोटगी देणारा 1985 चा निकाल आणि त्यावर उतारा म्हणून आलेला 1986 चा कायदा सगळ्यांच्या तोंडी होता. आमच्या आळीतले पुरुष एकदम स्त्रीमुक्तीवाले झाले. एकाने मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंचं नाव घेतलं. मिरजोळीचा, आपल्या कोकणातला माणूस. 1966 साली सात मुसलमान बायकांना घेऊन त्यांनी तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत विधिमंडळावर मोर्चा काढला होता. बोलणं खरंच होतं, पण बोलणाऱ्याचा आवेश त्या बाईला खपला नाही. ती उठून म्हणाली, "माझं मी बघेन. तुमच्या आळीत विधवेला हळदीकुंकवाला बोलावता का, ते आधी लिहा." गुरुजींनी दोन्ही लिहिलं, एकाखाली एक.

जमातीने तिच्या पोरांच्या शाळेचा खर्च उचलला. पोटगी काही मिळाली नाही. पुढच्या वर्षी मास्तर "झालं" म्हणायला उभे राहिले तर तिनेच बसल्या जागेवरून सांगितलं, "अर्धं." वहीत तेच आहे. शिलाई मशीन तिला दिलं कोर्लईच्या बायकांनी, कारण मोहल्ल्यातल्या कोणी दिलं असतं तर त्याला तिच्या नवऱ्याच्या भावकीकडून ऐकून घ्यावं लागलं असतं. कोर्लईला कोण काय बोलणार?

मंडळाचं सगळं बळ यातच होतं, असं मला आता वाटतं. आमच्या पाहुण्या वक्त्यांना बंधुभावावर बोलायला आवडायचं, आणि ते बोलत असताना आम्ही पोरं कैऱ्या पाडायला पळायचो. दुसऱ्या धर्माच्या माणसाला ईदेला, नाताळाला, गणपतीला जेवायला बसवणं कोकणात कधी अवघड नव्हतं. अवघड होतं आपल्याच गावकीला नाही म्हणणं. आणि गावकीचा हुकूम गावकीच्या वेशीपर्यंतच चालतो.

हे कळलं वाळीतच्या वेळी. आमच्या रायगड जिल्ह्याला हा रोग जुना. एका घराने गावकीचं न ऐकता ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला माणूस उभा केला म्हणून त्याला वाळीत टाकलं. वाण्याने माल द्यायचा नाही, गिरणीत दळण घ्यायचं नाही, बोलेल त्याला दंड. चुलतभाऊ समोरून आले तरी मान खाली. त्यांचं वाणसामान मोहल्ल्यातल्या दुकानातून यायला लागलं आणि दळण बुद्धवाडीच्या गिरणीतून. गावकी तिथे दंड करू शकत नव्हती. मग त्या घरातली म्हातारी गेली. ऐन पावसाचे दिवस. गावकीतलं कोणी फिरकलं नाही. लाकडं आणली मोहल्ल्यातल्या पोरांनी, तिरडी बांधली बुद्धवाडीतल्या दोन वयस्क माणसांनी, खांदा द्यायला कोर्लईहून चौघे तरीने आले, भिजून चिंब. बाजूच्या घरांच्या खिडक्या लोटलेल्या होत्या. फटीतून बघणारे डोळे मात्र दिसत होते.

त्या वर्षीच्या मेळाव्यात हे गाऱ्हाणं वाचायचं की नाही यावरून मंडळ फुटायची वेळ आली, कारण विश्वस्तांपैकी दोघे गावकीचे पंच होते. गुरुजी तेव्हा थकले होते, पण वही त्यांनी दुसऱ्याच्या हातात दिली नाही. वाचलं. पंच उठून गेले, त्यांच्यामागे निम्मी आळी गेली. देवळाकडून येणारा तांदूळ त्या वर्षी आला नाही, वर्गणीही नाही. भाकऱ्यांचं पीठ कोर्लईहून आलं. पंगत लहान होती आणि, खरं सांगायचं तर, जरा उदास होती.

सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्राने 2016 साली मंजूर केला आणि जुलै 2017 पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. 2018 च्या मेळाव्यात कायद्याची कलमं मोठ्याने वाचली. तोवर गुरुजी नव्हते. आक्काच्या नातीने वाचली, वकिली शिकत होती ती. पंच पुन्हा पंगतीला आले ते त्यानंतर. कायद्याच्या भीतीने आले की बिरड्याच्या आठवणीने, देव जाणे. वाळीतच्या घरातला मुलगा त्यांना वाढत होता, आणि त्याने त्यांच्या पानात भाकरी जरा लांबूनच टाकली.

2019 ला रमजान फिरून मे महिन्यात आला आणि पंगत परत संध्याकाळवर गेली. पुढच्या वर्षी टाळेबंदी, मेळावा रद्द, आणि 3 जून 2020 ला निसर्ग वादळ. त्याबद्दल खूप लिहून झालंय. पत्रे उडाले, वाड्या आडव्या झाल्या, वीज कितीतरी दिवस नव्हती. मशिदीत, देवळाच्या सभामंडपात आणि विहारात चुली पेटल्या, कातकरीवाडीवर ताडपत्र्या आधी पोचल्या. हे सगळं मंडळाने चांगलं केलं, पण अशा वेळी सगळेच करतात.

खरी कसोटी नुकसानभरपाईची होती. पंचनामे झाले, पैसे आले ते सातबारावर नाव असलेल्यांना. आमच्याकडे निम्म्या वाड्यांचे मालक मुंबईला. शिंपणं करणारा, नारळ पाडणारा, पडलेल्या पोफळी उचलणारा दुसराच. त्याच्या हाती काही नाही. 2022 ला मेळावा भरला तेव्हा हे गाऱ्हाणं पहिलं. कोणीतरी चरीच्या संपाची आठवण काढली. चरी आमच्यापासून फार लांब नाही. खोतांविरुद्ध तिथल्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून 1933 पासून 1939 पर्यंत जमिनी पेरल्या नाहीत. सहा वर्षं! जंगलातून लाकूडफाटा आणून विकला, पण नांगर धरला नाही. आता खोत गेले, वाडीचे मालक याच मांडवात आमरस वाटीत घेऊन बसलेले. नावं वाचली गेली. काहींनी भरपाईतला निम्मा वाटा दिला. ज्यांनी दिला नाही त्यांत एक देवळाचे विश्वस्त होते आणि एक आखातात पैसा केलेले मोहल्ल्यातले भाई, म्हणजे तिथेही समतोल राहिला.

कातकरीवाडी आता मंडळाची पाचवी सभासद आहे. व्हायला फार वर्षं लागली. त्यांचं पहिलंच गाऱ्हाणं स्मशानाच्या वाटेचं. पिढ्यानपिढ्या ज्या वाटेने ते प्रेत नेत, तिच्यावर एका फार्महाऊसची भिंत आली. मालक मुंबईचा, ना गावकीचा, ना जमातीचा, ना चर्चचा. त्याला सांगणार कोण? मेळाव्याचं आमंत्रण धाडलं, तर त्याने देणगीचा चेक पाठवला. तो घ्यावा की परत करावा यावर दीड तास वाद झाला, कारण मांडवाचं भाडं थकलं होतं. शेवटी परत केला. अडवलेली वाट मोकळी करून घ्यायला 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याचं पाचवं कलम आहे; त्याखाली तहसीलदारांकडे अर्ज लावलाय. आक्काची नात काम बघते. सुनावणीला प्रत्येक संस्थेचा एक माणूस जायचा असं ठरलंय, आणि देवळाकडून कोण जाणार यावर अजून खल चालू आहे.