‘लिहून देणार’ कोण?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसा हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी कुणी ना कुणी विचारतंच. परवा एका कॉलेजातल्या सरांनी विचारला. वडील गेल्यावर जमिनीचे कागद करायला आले होते. मसुदा हातात धरून म्हणाले, ‘‘अहो, साध्या मराठीत का लिहीत नाही तुम्ही? मी मराठीचा एम.ए., मलाही दोनदा वाचावं लागलं.’’

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दुय्यम निबंधकाच्या कचेरीसमोर मी 26 वर्षं दस्त लिहितोय. पाटीवर ‘दस्तलेखक’ आहे, लोक ‘बाँडरायटर’ म्हणतात. सरांना मी ठरलेलं उत्तर दिलं, ‘‘रूढ भाषा आहे सर, कोर्टात टिकते.’’ ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं असं ओट्यावर उभ्या उभ्या सांगता येत नाही.

हक्कसोडपत्र घ्या. माझ्याकडे याच्याइतकं दुसरं काम येत नाही. वडील वारले की वारस म्हणून बहिणींची नावं लागतात, मग बहिणी आपला हिस्सा भावाला सोडतात. दस्ताच्या सुरुवातीला दोन बाजू मांडायच्या असतात, ‘लिहून घेणार’ आणि ‘लिहून देणार’. घेणार भाऊ, देणार बहीण. प्रत्यक्षात सांगतो भाऊ, लिहितो मी, पैसेही भाऊच देतो. बहीण बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असते. पण अख्खा दस्त चालतो तो तिच्या तोंडून. ‘कारणे हक्कसोडपत्र लिहून देते ऐसा जे’ इथून जी ती बोलायला लागते, ती ‘सदरहू मिळकतीत माझा कोणताही हक्क वा हितसंबंध राहिलेला नाही’, ‘माझे लग्नात भरपूर खर्च केला असून वेळोवेळी साडीचोळी, मानपान केलेला आहे’, ‘सबब मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाचेही दडपणाशिवाय’ असं करत शेवटच्या पानापर्यंत. यातलं एकही वाक्य तिच्या तोंडचं नसतं. शेवटी ‘नि. डा. अं.’ म्हणजे निशाणी डावा अंगठा, तेवढी तिची.

साडीचोळीचं ते वाक्य माझ्या कॉम्प्युटरवर कायमचं बसलंय. नावगाव बदललं की नवा दस्त तयार. एकदा लिहून देणारीचं लग्नच झालेलं नव्हतं, आणि ‘माझे लग्नात भरपूर खर्च’ तसंच राहिलं. चूक माझी. पण तो कागद भावाने पाहिला, साक्षीदारांनी पाहिला, आत टेबलावर पाहिला, शिक्का बसला आणि फेरफारही झाला, म्हणजे तलाठ्याच्या दप्तरी नाव बदललं. कुणाच्या डोळ्यांत आलं नाही, कारण ते वाक्य वाचायचं नसतंच, असायचं असतं.

नावापुढे वय लिहितात, मग धंदा. भावापुढे ‘शेती’ आणि बहिणीपुढे ‘घरकाम’. हे मी न विचारताच भरायचो. एकदा मसुदा वाचून दाखवत होतो, तर पन्नाशीची एक बाई मध्येच म्हणाली, ‘‘घरकाम? मग रानात काय पावनी म्हणून जाती व्हय मी?’’ हाताला सोयाबीन काढल्याचे ओरखडे तसेच होते. भाऊ म्हणाला, ‘‘अगं, लिहायची पद्धत असती ती.’’ खरंच पद्धत असते. सातबाराचे जुने उतारे काढून बघा. बाईच्या नावापुढे ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार, की पुढे नवऱ्याचं नाव. थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, एकत्र कुटुंब मॅनेजर. बहिणींची नावं कित्येकदा कब्जेदाराच्या रकान्यात नसतातच, ती पलीकडे ‘इतर हक्क’ मध्ये, सोसायटीच्या कर्जाच्या बोजाशेजारी.

कायदा एका जागी थांबलेला नाही. वडिलांच्या वाट्यात मुलगी 1956 सालीच वारस झाली. वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासूनचा बरोबरीचा वाटा महाराष्ट्राने 1994 साली दिला, तोही तोवर लग्न न झालेल्या मुलींना. देशभर तो 2005 साली आला. कायदा जसजसा बहिणीच्या बाजूने सरकला, तसतसं माझं सोडपत्राचं काम वाढत गेलं. याची मला लाज वाटते असं नाही, पोट त्यावरच चाललंय. पण लक्षात येतं.

शब्दांचं म्हणाल तर सबब, सदरहू, मजकूर, दस्त हे सगळे फारसी अमदानीतले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसीला संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी माझ्या ओट्यावर ही मंडळी अजून ठाण मांडून आहेत. त्यांच्यावर सरकारी मराठीचा नवा थर चढला. सब-रजिस्ट्रारचा दुय्यम निबंधक झाला, आता तलाठ्याचाही ग्राम महसूल अधिकारी झाला. गावात त्याला अजून भाऊसाहेबच म्हणतात, आणि तोही त्यालाच ओ देतो.

मग साधं का लिहीत नाही? एकदा लिहिलं होतं. पाचसहा वर्षं झाली असतील. मुद्दाम सरळ लिहिलं: ‘मी माझा वाटा भावाला देत आहे. त्याचे पैसे घेतलेले नाहीत. यानंतर मला किंवा माझ्या मुलांना हा वाटा परत मागता येणार नाही.’ भावाने कागद हातात घेतला, मागेपुढे करून पाहिला. म्हणाला, ‘‘हे काय पत्र लिवलंय व्हय? ह्याला वजन कुठाय?’’ त्याच्या बाजूने बरोबर होतं. पैसे मोजून आणलेल्या कागदात ‘सबब’ नाही, ‘ऐसा जे’ नाही, म्हणजे फसवल्यासारखंच की.

बहीण मात्र वेगळ्याच ठिकाणी अडकली होती. मला म्हणाली, ‘‘दादा, परत मागता येणार न्हाई म्हंजी? कंदीच न्हाई?’’

म्हटलं, ‘‘कधीच नाही, मावशी.’’

‘‘पोरांना बी?’’

‘‘पोरांनाही नाही.’’

ती उठली. पिशवी उचलली आणि एसटी स्टँडच्या दिशेने चालायला लागली. भाऊ माझ्याकडे असा बघत राहिला, की जणू मीच तिला उठवलं. म्हटलं तर मीच उठवलं होतं.

आठवड्याने दोघं परत आली. मधल्या दिवसांत काय झालं ते मी विचारलं नाही, ते माझं काम नव्हे. भावाने आल्याआल्या बजावलं, ‘‘नेहमीचं करा.’’ मी नेहमीचं केलं. वाचून दाखवलं, साडीचोळीपर्यंत आलो तेव्हा तिने हात वर केला.

‘‘ते झालं त्याचं लिवलंय. फुडचं बी लिवा. दर दिवाळीला मला न्यायला यायचं.’’

भाऊ हसला. ओळख द्यायला आलेले दोघे हसले. असल्या ओळीला कायद्याने काही अर्थ नाही हे मला ठाऊक होतं. तिलाही कुणी सांगायची गरज होती असं वाटलं नाही. मी शेवटच्या पानावर, साक्षीदारांच्या वर, तिने म्हटली तशी ती ओळ टाइप केली, ‘न्यायला यायचं’सकट.

मसुदा चाळताना आतला ऑपरेटर त्या ओळीवर थांबला. खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, ‘‘हे काय मध्येच? हे कोण बोलतंय?’’

‘‘लिहून देणार,’’ मी म्हटलं.