नाताळच्या आधीची मुंबई : खोताची वाडी ते मोत माउली

मुंबईचा नाताळ पाहायचा असेल तर २५ डिसेंबरला जाऊ नये, त्याच्या आधीच्या शनिवार-रविवारी जावं. सणाच्या दिवशी माणसं चर्चमध्ये नाहीतर आपापल्या घरी असतात, बाहेरच्याच्या वाट्याला फक्त गर्दी येते. तयारीच्या दिवसांत मात्र घरांची दारं उघडी असतात. कुणी शिडीवर चढून चांदणी टांगत असतं, कुठून तरी तळणाचा वास येत असतो, आणि थांबून विचारलं तर लोक मनापासून बोलतात.

आम्ही दोघं नाशिकहून गेलो ते हेच डोक्यात ठेवून. नवऱ्याचं आजोळ गिरगावातलं. लहानपणीच्या नाताळच्या सुट्ट्या त्याने तिथल्या चाळीत काढल्या आहेत आणि खोताच्या वाडीतल्या चांदण्यांचं वर्णन मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आहे. मुलं आता शिकायला बाहेर आहेत. या वर्षी म्हटलं, चल, दाखवच.

सकाळची पंचवटी पकडली. नाशिकरोडला अंगात स्वेटर होता, कसारा घाट उतरल्यावर तो पिशवीत गेला. सीएसएमटीला उतरून आधी क्रॉफर्ड मार्केट गाठलं. १८६९ साली उभी राहिलेली ही मंडई, आताची महात्मा जोतिबा फुले मंडई. दाराच्या कमानींवर शेतकऱ्यांची दगडी शिल्पं आहेत, ती लॉकवुड किपलिंग यांची. डिसेंबरात मंडईत आणि आसपास झिरमिळ्या, प्लास्टिकची सूचिपर्णी झाडं, काचेचे गोळे आणि येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यात मांडायच्या मूर्ती यांचा नुसता खच पडलेला असतो. मला जास्त रमवलं ते सुक्या मेव्याच्या दुकानांनी. केकसाठी काळ्या मनुका, बेदाणे, संत्र्याची पाकवलेली साल, टूटीफ्रूटी असं किलोकिलोने तोलून घेणाऱ्या बायका पाहिल्या. त्यांचा दुकानदाराशी घासाघीस करण्याचा सूर आपल्या दिवाळीच्या बाजारातलाच.

तिथून हॉर्निमन सर्कलला, सेंट थॉमस कॅथीड्रल पाहायला. याचा आणि नाताळचा संबंध अगदी थेट आहे. मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड आँजियर याने १६७६ साली याचं काम सुरू केलं. पुढे ते रखडलं आणि अर्धवट भिंती चाळीसेक वर्षं तशाच उभ्या राहिल्या. अखेर चर्च उघडलं ते १७१८ च्या नाताळच्या दिवशी. किल्ल्याच्या ज्या वेशीतून या चर्चकडे वाट यायची ती चर्चगेट. किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकात पाडली गेली, वेसही गेली, नाव तेवढं स्टेशनला राहिलं. आत भिंतीभर संगमरवरी स्मृतिशिला आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत इकडे आलेली आणि ऐन तारुण्यात मेलेली माणसं. त्या वाचता वाचता आम्ही बराच वेळ तिथे गप्प बसलो होतो.

संध्याकाळी चर्नी रोडला उतरून गिरगावात शिरलो. नवऱ्याच्या आजोळच्या चाळीच्या जागी आता टॉवर आहे. त्याच्याकडे मान वर करून पाहिलं आणि पुढे निघालो. त्याने जगन्नाथ शंकरशेट रस्त्यावरून मला एका बोळात वळवलं आणि मुंबईचा आवाज मागे राहिला.

खोताची वाडी. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस इथल्या जागा दिल्या, त्यांच्यावरून हे नाव. घरं दुमजली, उतरत्या कौलांची. बाहेरून चढणारे लाकडी जिने, पुढे व्हरांडा, खिडक्यांना झडपा, रंग पिवळे, निळे, लाल. एकेकाळी इथे अशी ६५ घरं होती, आता तिसाच्याही आत आली आहेत. दोन घरांच्या मधून अचानक काचेची उंच इमारत वर गेलेली दिसते तेव्हा हा आकडा डोळ्यांना कळतो.

त्या संध्याकाळी दारोदारी कागदी चांदण्या लागल्या होत्या. एका व्हरांड्यात आजोबा आणि दोन नाती गोठा मांडत होते. गवत, आरशाच्या तुकड्याचं तळं, गाय, मेंढ्या, तीन राजे. बाळाची जागा रिकामी होती. नवऱ्याने विचारलं तर मोठी नात म्हणाली, "काका, बाळ चोवीसच्या रात्री ठेवायचं. अजून जन्मलं कुठे?" तिचं मराठी अस्सल गिरगावी. आजी आतून बाहेर आल्या. त्यांच्या बोलण्याला कोळी-आगरी वळण होतं. नवऱ्याने आपल्या आजोबांचं नाव आणि चाळ सांगितली, तेव्हा त्यांनी आम्हाला वर बोलावून बसवलं.

ही मंडळी ईस्ट इंडियन. मुंबई, साष्टी, वसई इथले मूळ रहिवासी, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला ५० वर्षं झाली तेव्हा त्यांनी हे नाव घेतलं. नोकऱ्यांसाठी गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपली वेगळी ओळख दिसावी, आपण इथलेच भूमिपुत्र आहोत हे सरकारला कळावं, हा हेतू. लग्नात त्यांच्यात उंबराचं पाणी आणण्याचा विधी असतो, जुन्या बायका लुगडं नेसत. मला हे सगळं माहीत असायला हवं होतं असं नाही, पण शाळेत कुणी शिकवलं असतं तर फार बरं झालं असतं. मुंबईचा पहिला सार्वजनिक गणपती १८९३ साली बसला ती केशवजी नाईकांची चाळ इथून चार पावलांवर आहे. या दोन्ही गोष्टी एकाच गिरगावच्या आहेत, आणि नाताळला 'त्यांचा' सण म्हणून बाजूला ठेवण्यात आपलंच नुकसान आहे असं मला मनापासून वाटतं.

आजींनी बशी पुढे केली. कुलकुल, काजू घातलेलं मिल्क क्रीम, पेरूची गडद लाल वडी. कुलकुल म्हणजे मैद्याची छोटी गोळी फणीवर किंवा काट्यावर दाबून वळायची, मग तळून साखरेत घोळवायची. दिवाळीच्या करंज्यांना बसतात तसं अख्खं घर त्याला बसतं, नाहीतर होतच नाहीत. बॉटल मसाल्याची गोष्टही त्यांनीच सांगितली. उन्हाळ्यात मिरच्या आणि मसाले उन्हात वाळवून, भाजून, कुटून गडद रंगाच्या बाटल्यांत गच्च भरायचे की वर्षभर वास टिकतो. नाताळच्या रश्श्यात हाच जातो, आणि त्याबरोबर फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल पाव.

निघताना नवऱ्याने अनंताश्रमाची बंद पडलेली जागा दाखवली. तिथल्या माशांच्या जेवणाबद्दल तो जे बोलला ते इथे लिहीत नाही, ते त्याचंच राहू दे.

रविवारी वांद्रे. सकाळी हिल रोडवर सेंट अँड्र्यूजच्या आवारात गेलो. १५७५ साली जेझुइटांनी बांधलेलं हे चर्च. प्रार्थना सुरू होती म्हणून आत न जाता मागच्या बाजूला उभे राहून गाणी ऐकली. मग रानवार, वांद्र्याच्या जुन्या पाखाड्यांपैकी, म्हणजे वस्त्यांपैकी एक. बुटकी घरं, अरुंद गल्ल्या, कोपऱ्यावर क्रूस. १८९६ च्या प्लेगच्या साथीत मुंबईत असे कितीतरी क्रूस लोकांनी उभारले, रक्षण कर म्हणून. आज त्यांना झेंडूच्या माळा घातलेल्या होत्या. एका गल्लीत पोरं जुन्या पँट-शर्टात पेंढा भरून म्हातारा तयार करत होती. ३१ डिसेंबरच्या रात्री सरत्या वर्षाचा हा म्हातारा जाळतात. आम्हीही वर्गणी दिली.

दुपारी मोत माउलीला. सगळे माउंट मेरी म्हणतात, पण कोळ्यांची ती मोत माउली. आताची इमारत १९०४ ची, शापूरजी चांदाभॉय या मुंबईच्याच वास्तुकाराने रचलेली. बाहेर मेणाच्या वस्तू विकायला असतात. हात, पाय, घर, तान्हं बाळ, ज्याचा नवस असेल ते. आमच्या पुढे एक नऊवारीतल्या आजी मेणाचं घर घेऊन उभ्या होत्या. आम्ही साध्या मेणबत्त्या घेतल्या, लेकरांच्या नावाने एकेक.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. रविवारी निघण्याआधी लोकलचा ब्लॉक आहे का ते बघा. घरगुती कुलकुल आणि मार्झिपान (काजू-बदामाची मिठाई) हवं असेल तर डिसेंबरच्या सुरुवातीलाच सांगून ठेवावं लागतं, ऐनवेळी बेकऱ्यांत मिळतं ते वेगळं. खोताच्या वाडीत लोक राहतात, तेव्हा फोटो काढण्याआधी विचारा, आणि दुपारी जाऊ नका, ती त्यांची झोपेची वेळ.

पुढच्या डिसेंबरला वसई ठरली आहे. तिथल्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य प्रार्थना, मराठीत होते, आणि २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिथलेच. नवरा म्हणतो, या वेळी मुलांनाही न्यायचं. त्यांच्या सुट्ट्यांच्या तारखा आल्या की तिकिटं काढू.