अबिस्कोची दुसरी रात्र: पहिल्यांदाच पाहिलेला ध्रुवीय प्रकाश

रात्रीचे सव्वादहा वाजले होते. तापमान उणे १७. स्वीडनमधल्या अबिस्कोत, गोठलेल्या तोर्नेत्रेस्क तळ्याच्या काठावर उभं असताना उत्तरेला एक फिकट राखाडी पट्टा दिसला. "ढग आले, चल आत," मी नवऱ्याला म्हणाले. त्याने मोबाइल दगडावर टेकवून तीन सेकंदांचा फोटो काढला, तर तो ढग हिरवागार!

तुम्ही जाणार असाल तर हे आधी लक्षात ठेवा. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांना रंग नीट कळत नाहीत, त्यामुळे मंद ध्रुवीय प्रकाश पांढुरक्या ढगासारखाच दिसतो. शंका आली की फोटो काढून बघा.

अर्ध्या तासाने मात्र फोटोची गरज उरली नाही. पट्टा माथ्यावर आला, त्याला चुण्या पडल्या आणि तो वाऱ्यावरच्या पडद्यासारखा सळसळायला लागला. हिरवा रंग ऑक्सिजनचा, साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरचा. हालचाल वाढली तशी खालच्या कडेला गुलाबी किनार धावली, ती नायट्रोजनची. हे सगळं मी वाचून गेले होते, तरी रडू आलंच.

स्वीडनच्या उत्तर टोकाचं अबिस्को निवडलं ते ढगांमुळे. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि माणदेश कोरडा, तसंच इथे. पश्चिमेचे डोंगर समुद्रावरून येणारे ढग अडवतात. तरीही आमची पहिली रात्र ढगातच गेली, म्हणून किमान तीन रात्री हाताशी ठेवा. अ‍ॅपवरच्या केपी आकड्याने (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगणारा ० ते ९ मधला आकडा) हिरमुसू नका. त्या रात्री तो फक्त २ होता. इतक्या उत्तरेला तेवढा पुरतो, निरभ्र आकाश जास्त महत्त्वाचं. आम्ही मार्चमध्ये गेलो. रात्री पुरेशा काळोख्या असतात आणि दिवसा बर्फात फिरताही येतं. स्टॉकहोमहून रात्रीची रेल्वे थेट अबिस्कोला जाते.

थंडीत माझी चूक पायांची झाली. दोन जाड मोजे कोंबून बूट घातले, ते आवळले आणि बोटं बधिर झाली. एकच लोकरी मोजा आणि एक माप मोठा बूट बरा. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. कॅमेरा खोलीत नेण्याआधी बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, नाहीतर लेन्सवर दव धरतं. ट्रायपॉड हवाच. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) १६०० पासून सुरुवात करा, शटर आठ-दहा सेकंद उघडं, फोकस हाताने एखाद्या ताऱ्यावर. प्रकाश वेगाने हलायला लागला की वेळ दोन-तीन सेकंदांवर आणा.

पावणेअकराला आईला व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात पहाटेचे सव्वातीन. तिला पडद्यावर नुसता काळोख दिसत होता. "मला उद्या सांग सगळं," ती म्हणाली, "आत्ता फोन ठेव आणि बघ."

आकाश साडेअकरापर्यंत हलत होतं.