बडोद्याचा पेला: कादंबरी कुठवर आली

पेल्याचं प्रकरण एकदाचं कागदावर उतरलं. ९ नोव्हेंबर १८७४, बडोद्याची रेसिडेन्सी. इंग्रजांचे तिथले रेसिडेंट (प्रतिनिधी) कर्नल फेयर फिरून येतात, रोजचं पपनसाचं सरबत दोन-तीन घोट घेतात, उरलेलं ओतून देतात आणि तळाचा गाळ बघून चमकतात. डॉक्टर सीवर्डच्या तपासणीत निघतो सोमल (आर्सेनिकचं विष), सोबत हिऱ्याची पूड.

सोमलाची मला धास्ती नाही. सोमल ओळखणारी मार्शची चाचणी १८३६ पासूनची, आणि सोमल थंड पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणजे गाळही पटतो. हिऱ्याची पूड मात्र वाचकाला लेखिकेची करामत वाटणार! तिनं माणूस मरत नाही. पण मरतो ही समजूत तेव्हा पक्की होती, म्हणून ती तशीच ठेवलीय. विष घालणाऱ्याला रसायनशास्त्र यायलाच हवं असं थोडंच आहे?

आता गाडी अडलीय पट्ट्यापाशी. महिना उलटून गेल्यावर रेसिडेन्सीचा रावजी हवालदार कबुली देतो, मग पोलिसांना त्याच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडते. तोवर तो पट्टा वापरत होता दुसराच शिपाई. कच्चा खर्डा वाचून एका मित्रानं शेरा मारला, "फारच सोयीचं वाटतंय." विष घालवल्याचा आरोप ज्यांच्यावर होता त्या बडोद्याच्या महाराजांचे, मल्हारराव गायकवाडांचे वकील बॅलन्टाइन यांचंही हेच म्हणणं होतं: पुडी पोलिसांनीच ठेवली. त्यामुळे हा प्रसंग मी सफाईदार करणार नाही. कादंबरीत पुरावा जितका चोख, तितका संशय लेखकावर जातो. इथे तो पोलिसांवर जायला हवा.

खटल्याचं काम जास्त नाजूक. अन्यायी खटला म्हटलं की आपण झटकन एक दुष्ट न्यायाधीश उभा करतो. इथे तसा कुणीच नाही. विलायतेहून आणलेला नामांकित वकील, कसून उलटतपासणी, आयोगात सर रिचर्ड काउच, मीड, मेल्विल आणि त्यांच्या जोडीला जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह, सर दिनकरराव. फक्त आरोप करणारं सरकार आणि आयोग नेमणारं सरकार एकच. रावजी आणि महाराजांचे चिटणीस दामोदरपंत, दोघेही माफीच्या बोलीवर बोलणारे. आणि पुरेसा दुजोरा नसेल तर साथीदाराची साक्ष अविश्वसनीय मानता येते, हे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातच लिहिलेलं!

निकाल फुटला तीन विरुद्ध तीन: इंग्रज एकीकडे, हिंदी सभासद दुसरीकडे. तरीही एप्रिल १८७५ मध्ये महाराज पदच्युत झाले. कारण दिलं गैरकारभाराचं, विषाचं नाही. म्हणून अन्यायाचा प्रसंग मी आयोगाच्या दालनातून उचलून पदच्युतीच्या जाहीरनाम्याच्या पानावर नेलाय. कारभार वाईट होता हेही लपवणार नाही, नाहीतर महाराज उगाच संत होतील.

पुढे रेसिडेन्सीचा नरसू जमादार, जो ताब्यात असताना विहिरीत गेला. ते लिहायच्या आधी पट्ट्याचा सोक्षमोक्ष लावायचाय. त्या काळच्या रेसिडेन्सीच्या शिपायांचे फोटो कुणाकडे असतील तर दाखवा. पुडी नेमकी कुठल्या शिवणीत मावेल ते बघायचंय.