‘आणि पार्टी’ची नावं शोधताना

माझे वडील, आबा, शाहीर. त्यांच्या कॅसेटवर एकच नाव होतं, त्यांचं. त्याखाली बारीक अक्षरांत ‘आणि पार्टी’. 1991 साली आबांनी पदरचे पैसे घालून ती काढली होती, 500 प्रती. एका बाजूला राधानगरी धरणाचा पोवाडा, दुसऱ्या बाजूला चार शाहिरी गीतं. जोतिबाच्या चैत्र यात्रेत आणि महाद्वार रोडवरच्या गाड्यांवर ती 25 रुपयांना खपली. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात डफाच्या पेटीत शेवटची एक उरली होती, आणि ती वाजत नव्हती.

गेल्या वर्षी आबांना 78वं लागलं, तेव्हा ठरवलं की ही कॅसेट मोबाइलवर, सगळ्यांना ऐकता येईल अशी आणायची. दोन महिन्यांचं काम धरलं होतं. बँकेतली नोकरी सांभाळून अकरा महिने लागले.

सुरुवात लक्ष्मीपुरीतल्या एका जुन्या रेडिओ-टेप दुरुस्त करणाऱ्या काकांपासून झाली. त्यांनी कॅसेट उन्हात धरून बघितली आणि म्हणाले, “गादी गेलीय हिची.” टेपच्या मागं फेल्टची इवलीशी गादी असते, ती टेपला डेकच्या हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरते. ती सुटून पडली होती. काकांनी पाचही स्क्रू काढले, दोन्ही चकत्या अलगद उचलून दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवल्या. मग डेकचं हेड स्पिरिटनं पुसलं आणि बारीक स्क्रू ड्रायव्हरनं हेडचा कोन केसभर फिरवत राहिले. तुणतुण्याचा आवाज आधी गोणपाटाखालून आल्यासारखा येत होता. एका क्षणी तो लख्ख झाला, तार बोटाखाली असल्यासारखा. काकांनी हात काढून घेतला.

घरी आबांना ऐकवलं. आबांनी डोळे मिटले, दोन ओळी ऐकल्या आणि मान हलवली. “हे आम्ही न्हाई. आम्ही पांढरी चारात गायचो. हे वर गेलंय.” पांढरी चार ही बाजाच्या पेटीची, हार्मोनियमची, पट्टी. ती पेटी काढून बघितलं तर कॅसेट त्याच्या शेजारच्या काळी तीनात वाजत होती, अर्ध्या स्वरानं वर. डेक बिघडला असेल म्हणून काकांकडं परत गेले. त्यांनी दुसरी कॅसेट लावून दाखवली, डेक ठीक होता. म्हणजे प्रती काढतानाच गडबड झाली होती. 33 वर्षं लोकांनी माझ्या वडिलांचा आवाज सुमारे सहा टक्के घाईत ऐकला होता. कॉम्प्युटरवर वेग कमी केला आणि आबांचा खरा आवाज आला, जाड, छातीतला. मला त्या रात्री झोप लागली नाही.

पुढचा प्रश्न लांबीचा होता. पोवाडा 28 मिनिटांचा. तो तेवढा का, हे आबांनीच सांगितलं: साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, म्हणून पोवाडा लिहिणाऱ्या मास्तरांनी तो तेवढ्यात बसेल असाच लिहिला. गाण्याला माप नेहमी यंत्रानंच दिलंय. शाहू महाराजांच्या दरबारचे गवई अल्लादिया खाँसाहेब, ज्यांचं गाणं ऐकायला रात्र पुरायची नाही, त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांना जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मिळायची. तशीच त्यांची एक भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. आताचं माप वेगळं आहे. स्पॉटिफाय या गाण्यांच्या ॲपवर गाणं तीस सेकंद ऐकलं की एक मोजणी होते. मग ते 31 सेकंद ऐकलेलं असो की 28 मिनिटं, मोजणी एकच. आणि आमच्या पोवाड्यात पहिली चाळीस सेकंद नुसता डफ आहे.

माझा भाचा यातला जाणकार. तो म्हणाला, “मावशी, डफ काढ आणि त्याचे दहा तुकडे कर.” डफ काढायला मी साफ नकार दिला. डफ ऐकूनच माणसं गोळा होतात, शाहीर तोंड उघडतो ते त्यानंतर. तुकड्यांचं मात्र आबांना विचारलं. पोवाड्याचे भाग म्हणजे चौक, आणि साथीदार मागून ‘जी’ म्हणत सूर धरतात ती झील. ते म्हणाले, “चौक चारच हायत. जिथं झील संपते तिथं काप, मधी काप न्हाई.” तसेच चार भाग केले, मधे क्षणाची शांतता न ठेवता, म्हणजे सलग लावले तर पोवाडा अखंड ऐकू यावा.

गाणी सगळ्या ॲपवर पोहोचवणारी एक कंपनी गाठली. वर्षाची फी, पॅन, बँकेचं खातं, अमेरिकेचा कराचा एक फॉर्म, 3000 बाय 3000 पिक्सेलचं मुखपृष्ठ. हे सगळं दोन रविवारांत उरकलं. प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाची ओळख सांगणारा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक मिळाला. अडलं ते नावांवर. कलाकारांच्या रकान्यात मी कॅसेटवर होतं तसंच लिहिलं, ‘आणि पार्टी’. अर्ज परत आला. मोघम नाव चालणार नाही, प्रत्येकाचं नाव आणि काम लिहा. गीतकाराचं पूर्ण नाव लिहा.

आधी मी वैतागले. मग वही घेऊन आबांच्या पुढ्यात बसले आणि लक्षात आलं की हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. मीही नाही. एक-एक आवाज पुढंमागं करून आबा माणसं ओळखत गेले. तुणतुणं कुणाचं, ते तार ओढायच्या सवयीवरून. ढोलकीवाला थापेवरून. झिलकऱ्यांतला एकजण ‘जी’ म्हणताना शेवटी नाकात जातो, त्यावरून. ही नावं इथं देत नाही. त्यांच्या घरच्यांनी ती गाण्यावर घालायला परवानगी दिली आहे, आणि ती तिथं आहेत.

मास्तर जाऊन 14 वर्षं झाली. आपल्या कायद्यानं लिहिणाऱ्याचा हक्क त्याच्या मरणानंतर 60 वर्षं वारसांकडं असतो. कॅसेट आबांनी काढली, म्हणून ध्वनिमुद्रणाचे मालक ते. पण शब्द मास्तरांचे. त्यांच्या मुलीकडं कागलला गेले. त्या म्हणाल्या, “आमच्या अण्णांचं नाव कुठं छापून आलेलं मी बघितलंच नाही गं.” मी करार वाचून दाखवला, जे काही येईल त्यातला निम्मा वाटा त्यांचा. त्यांनी सही केली आणि अण्णांची वही बाहेर आणली. त्यात पाचवा चौक होता. कॅसेटच्या बाजूत मावला नाही म्हणून गाळलेला.

या सगळ्यात एक मनस्ताप झाला. आवाज दुरुस्त करायच्या आधी मी घाईनं पहिला चौक यूट्यूबवर टाकला होता. आठ दिवसांत दावा आला की हे ध्वनिमुद्रण दुसऱ्याच कुणाच्या मालकीचं आहे. कुणीतरी यात्रेतली कॅसेट आपल्या संग्रहात घालून तिचा ध्वनीचा ठसा नोंदवून ठेवला होता, आणि ठसा जुळला की यंत्र आधी नोंदवणाऱ्याचं ऐकतं. त्यांची प्रत मी लावून बघितली. काळी तीनात होती. आपल्या बापाचा आवाज, तोही चुकीच्या स्वरात, आणि मालक तिसराच! डफाच्या पेटीच्या तळाशी 1991 ची स्टुडिओची पावती सापडली, आबांच्या नावाची. तिच्या आधारावर हरकत नोंदवली. समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात. त्यांनी उत्तर दिलं नाही, दावा सुटला. पण ती पावती नसती तर मी काय लिहिणार होते, हे मला अजून कळत नाही. ज्यांच्या घरी अशा कॅसेट आहेत त्यांनी आधी कागद शोधावेत, टेप नंतर.

पहिल्या तीन महिन्यांत सगळे भाग मिळून 640 वेळा ऐकले गेले. स्पॉटिफायवर एखादं गाणं बारा महिन्यांत 1000 वेळा वाजलं नाही तर त्याचे पैसेच धरत नाहीत. 2024 पासून हा नियम आहे. तेव्हा मास्तरांच्या मुलीला द्यायला माझ्या हातात अजून काही नाही. 500 कॅसेटींनी आबांचा खर्च निघून वर सगळ्यांना धोतरजोडी झाली होती. हा फरक मला सलतो, आणि छोट्या गायकावर तो अन्याय आहे असंच मी म्हणेन.

पाचवा चौक आबांनी परवा म्हणून दाखवला, पेटी न घेता, खाटेवर बसून. तो रेकॉर्ड करून ठेवला आहे.

एक नाव अजून राहिलं आहे. झिलकऱ्यांतला चौथा. आबा त्याला ‘वडणग्याचा पोरगा’ म्हणायचे, पलीकडचं काही त्यांना आठवत नाही. तिसऱ्या चौकात एके ठिकाणी बाकीचे श्वास घेतात आणि चार सेकंद तो एकटाच ऐकू येतो, उंच, कोवळा. तेवढा तुकडा वेगळा काढून मोबाइलमध्ये घेतला आहे. रविवारी वडणग्याला जाऊन देवळापुढं बसणाऱ्या म्हाताऱ्यांना ऐकवणार आहे.