चौसष्ट राऊटर आणि राहून गेलेला एक ‘ॲड’

सांगलीत मी ज्या कंपनीत नेटवर्कचं काम करतो, तिच्याकडे एका सहकारी बँकेच्या शाखा सांभाळायला आहेत. एकूण चौसष्ट. मिरज, तासगाव, विटा, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, थोड्या साताऱ्याकडे, थोड्या कोल्हापूरकडे. प्रत्येक शाखेत एक राऊटर (शाखेला बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारी पेटी), एक-दोन स्विच (शाखेतली यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या पेट्या) आणि दोन लाईनी: एक लीज्ड, म्हणजे भाड्याने घेतलेली खास लाईन, आणि ती पडली तर ब्रॉडबँड. मी डिप्लोमा करून इथे लागलो तेव्हा केबल क्रिंप करणं, पॅच पॅनेलवर लेबलं लावणं आणि शाखेतून फोन आला की पिंग मारून तिथलं यंत्र उत्तर देतंय का ते बघणं, एवढंच माझं काम होतं.

२०२२ च्या पावसाळ्यात बँकेने वेळेचा सर्व्हर बदलला. चौसष्ट राऊटरमध्ये एनटीपीची, म्हणजे घड्याळ जुळवण्याची, जुनी ओळ काढून नवी टाकायची होती. पुट्टी (राऊटरमध्ये दूरून शिरायचा प्रोग्रॅम) उघड, लॉगिन कर, ओळ बदल, सेव्ह कर, एक्सेलमध्ये टिक कर, पुढची शाखा. रात्री अकरा ते तीन, अशा तीन रात्री गेल्या. दोन महिन्यांनी ऑडिटमध्ये लॉगच्या वेळा जुळवताना पाच राऊटर चुकीची वेळ दाखवत असल्याचं निघालं. दोन ठिकाणी माझ्याकडून आयपीचा आकडा चुकला होता. तीन ठिकाणी सेव्ह करायचं राहिलं होतं, त्यामुळे लाईट गेल्यावर राऊटर जुन्याच कॉन्फिगरेशनवर उठले होते. रात्री दोन वाजता तेच काम चाळिसाव्यांदा करताना माणूस स्क्रीनकडे नुसता बघत असतो, वाचत नसतो. हे काम हाताने करायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

मग पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला लागलो. कुठल्या क्लासला गेलो नाही. घरून ऑफिसला जाताना बसमध्ये मोबाईलवर वाचायचं आणि रात्री लॅपटॉपवर करून बघायचं. महिनाभर व्हेरिएबल, लिस्ट, लूप एवढंच केलं. कर्क बायर्स यांनी लिहिलेली नेटमिको ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, सापडली आणि रस्ता एकदम सोपा झाला. एसएसएचने, म्हणजे दूरून सुरक्षित लॉगिन करून, राऊटरमध्ये शिरायचं, कमांड द्यायची, उत्तर घ्यायचं, बाहेर पडायचं. हे सगळं ती सांभाळते. तुम्ही फक्त आयपी, युजरनेम, पासवर्ड आणि डिव्हाइस कुठल्या जातीचं आहे ते सांगायचं.

चौसष्टच्या चौसष्ट शाखांमध्ये ‘शो व्हर्जन’ ही डिव्हाइसची माहिती विचारणारी कमांड चालवणारी माझी पहिली स्क्रिप्ट दहा मिनिटांत संपली. तीन रात्रींचं काम आणि ही दहा मिनिटं! त्या आनंदात मी एक गोष्ट केली जी पुढे महागात पडली. एखाद्या शाखेची लाईन बंद असली की स्क्रिप्ट तिथेच अडकायची. म्हणून मी लिहिलं की काहीही एरर आली तरी सोडून दे आणि पुढच्या शाखेवर जा.

याच काळात सीसीएनएचा, म्हणजे सिस्को कंपनीच्या नेटवर्किंगच्या सर्टिफिकेट परीक्षेचा, फॉर्म भरला. फी ३०० डॉलर, वर १८ टक्के जीएसटी. २०२३ साली रुपयांत ते साधारण २९ हजार झाले. माझा पगार तेव्हा १९ हजार होता. आईच्या नावावरची आरडी मोडून पैसे भरले. २४ फेब्रुवारी २०२० पासून जो नवा अभ्यासक्रम आला, त्यात ऑटोमेशन हा वेगळा विभाग आहे. मला वाटलं, हे तर मी रोजच करतो.

परीक्षा पुण्यातल्या सेंटरवर, १२० मिनिटांची. दोन ओळखपत्रं दाखवायची, घड्याळ-पाकीट लॉकरमध्ये ठेवायचं, आणि आकडेमोडीसाठी एक पुसता येणारी पाटी आणि मार्कर मिळतो. एकदा पुढच्या प्रश्नावर गेलं की मागे येता येत नाही, हे ऐकून माहीत होतं, पण खुर्चीत बसल्यावर ते अंगावर येतं. मी नापास झालो. हातात आलेल्या कागदावर पास-नापासच्या खाली विभागवार टक्के असतात. ऑटोमेशनमध्ये मला ९० टक्के होते, आणि आयपी कनेक्टिव्हिटीत, म्हणजे राऊटिंगमध्ये (डेटा कुठल्या वाटेने जाईल ते ठरवण्यात), ४४. अख्ख्या परीक्षेत ऑटोमेशनचं वजन १० टक्के आणि राऊटिंगचं २५ टक्के.

स्वारगेटहून परतीच्या बसमध्ये बसलो आणि तो कागद कितीदा उघडला आणि घडी केला ते मोजलं नाही. परीक्षेतले प्रश्न सांगता येत नाहीत, तसं आपण सही करून मान्य केलेलं असतं. पण माझं काय चुकलं ते सांगतो. आमच्या प्रत्येक शाखेच्या राऊटरमध्ये ब्रॉडबँडकडे जाणारा जो डिफॉल्ट रूट (दुसरी वाट माहीत नसेल तेव्हा घ्यायची वाट) आहे, त्याच्या शेवटी २०० असा आकडा आहे. तो मी कित्येक राऊटरमध्ये स्वतःच्या हाताने टाइप केला होता. तो का असतो, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. त्या आकड्याला ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स म्हणतात. साध्या स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेल्या, रूटचा तो १ असतो, आणि ओएसपीएफचा, म्हणजे राऊटर आपापसात बोलून शिकतात त्या रूटचा, ११०. कमी आकड्याचा रूट जिंकतो. म्हणून २०० वाला रूट गप्प बसून राहतो आणि लीज्ड लाईनचा रूट टेबलातून, म्हणजे राऊटरच्या वाटांच्या यादीतून, गेला की मगच वर येतो. बँकेची ती सगळी बॅकअप व्यवस्था त्या एका आकड्यावर उभी होती, आणि मी तो फक्त कॉपी-पेस्ट करत होतो.

तरीही मी लगेच धडा घेतला नाही. पाचच दिवस थांबून पुन्हा परीक्षा देता येते, पण पुन्हा २९ हजार आणायचे कुठून? मी पुन्हा स्क्रिप्टकडे वळलो. तिथे मला येत होतं.

त्या नोव्हेंबरात नऊ शाखांमध्ये नवे कॅमेरे बसले. त्यांच्यासाठी वेगळा व्हीलॅन (त्याच वायरींवरून चालणारं पण वेगळं ठेवलेलं नेटवर्क), नंबर ७०. स्विचकडून राऊटरकडे जाणाऱ्या ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या जोडणीवर, हा व्हीलॅन सोडायचा होता. शनिवारी रात्री साडेअकराला मी स्क्रिप्ट चालवली. त्यात ओळ होती: ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ७०’.

हे काम करणाऱ्यांच्या छातीत इथेच धस्स झालं असेल. इतरांसाठी सांगतो. ‘अलाउड व्हीलॅन ॲड ७०’ म्हटलं तर आधीच्या यादीत ७० ची भर पडते. ‘ॲड’ नसेल तर आधीची सगळी यादी पुसली जाते आणि एकटा ७० उरतो. काउंटरचे कॉम्प्युटर गेले, एटीएम गेलं, आणि ज्या मॅनेजमेंट व्हीलॅनमधून माझी स्क्रिप्ट त्या स्विचमध्ये शिरली होती तोही गेला. म्हणजे स्क्रिप्टने स्वतः उभी असलेली फांदीच तोडली. पहिल्या शाखेत कनेक्शन तुटलं, एरर आली, आणि मी शिकवलेल्याप्रमाणे ती एरर गिळून स्क्रिप्ट दुसऱ्या शाखेवर गेली. मग तिसऱ्या. हाताने केलं असतं तर पहिल्याच शाखेत स्क्रीन गोठल्यावर मी थांबलो असतो. इथे मला कळेपर्यंत नऊच्या नऊ शाखा बंद होत्या.

एकच गोष्ट बरी होती. सेव्ह करायची ओळ स्क्रिप्टमध्ये शेवटी होती आणि तिथपर्यंत ती कुठल्याच शाखेत पोचली नव्हती. म्हणजे स्विच बंद करून चालू केला की जुनं कॉन्फिगरेशन परत येणार. पण शाखेच्या आतल्या खोलीची किल्ली मॅनेजरकडे, आणि रात्रीचे साडेबारा वाजलेले. आमच्या सरांना फोन केला, जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. रविवारी सकाळी सातपासून एकेका मॅनेजरसाहेबांना फोन लावत गेलो. आटपाडीचे साहेब लग्नाला निघाले होते, ते वाटेतून माघारी आले. त्यांना फोनवरून सांगत होतो, “साहेब, रॅकमध्ये वरून दुसरी पेटी, तिच्या मागची काळी वायर काढा, दहा आकडे मोजा, पुन्हा लावा.” बाराच्या आत सगळ्या शाखा आल्या. पण रात्रभर नऊ एटीएम बंद होती. दवाखान्यासाठी, प्रवासासाठी कुणी ना कुणी तिथे येऊन रिकाम्या हाताने परत गेलंच असेल, हे माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

अण्णा, माझे वडील, वीज मंडळात लाईनमन होते. संध्याकाळी त्यांना सगळं सांगितलं. नेटवर्क त्यांना कळत नाही, पण त्यांनी नेमकं विचारलं, “परमिट घेतलं होतंस? आणि लाईन चार्ज करायच्या आधी खांबावरची माणसं मोजलीस का?” परमिट, म्हणजे बदलाची मंजुरी, होती. मोजणी नव्हती.

सरांनी स्क्रिप्ट बंद करायला लावली नाही, याबद्दल मी त्यांचा कायम ऋणी आहे. त्यांनी अट घातली: बदलाच्या आधीची आणि नंतरची स्थिती कागदावर दिसली पाहिजे, आणि पहिली शाखा नेहमी एकटी. त्यातून माझी कामाची पद्धत घडली. आधी ‘शो इंटरफेसेस ट्रंक’, ‘शो आयपी रूट’, शेजारी कोण दिसतात ते सीडीपीमधून (शेजारची सिस्कोची यंत्रं ओळखायची सोय), असं सगळं फाईलमध्ये उतरवून घ्यायचं. मग डिव्हाइसला ‘रीलोड इन १०’ सांगायचं, म्हणजे दहा मिनिटांत आपण थांबवलं नाही तर ते आपोआप रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगरेशनवर येतं. मग बदल. मग तीच माहिती पुन्हा घेऊन दोन्ही फायली ताडून बघायच्या. फरक फक्त अपेक्षित ओळीतच असेल तर ‘रीलोड कॅन्सल’, सेव्ह, पुढची शाखा. नाही तर स्क्रिप्टने तिथेच थांबायचं. एरर गिळायची परवानगी तिला आता नाही.

आणि मी पायापासून अभ्यासाला बसलो. पॅकेट ट्रेसर हे कॉम्प्युटरवर नकली नेटवर्क बांधायचं सिस्कोचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात आमच्या तीन शाखांची हुबेहूब नक्कल बांधली आणि मुद्दाम एकेक गोष्ट मोडून बघितली. रोज सकाळी वहीत दहा सबनेट, म्हणजे नेटवर्कचे छोटे तुकडे पाडायची गणितं. १९२.१६८.१०.७७/२७ म्हटलं की ३२ पत्त्यांचे गठ्ठे, म्हणजे नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट ९५. हे पाटीवर हात न लावता यायला मला दीड महिना लागला. राऊटिंगमध्ये माझा सगळ्यात मोठा गोंधळ असा होता की मी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स आधी बघायचो. राऊटर पॅकेट पाठवताना जास्त लांबीचा जुळणारा प्रीफिक्स, म्हणजे पत्त्याचा सुरुवातीचा भाग, बघतो. /२६ चा रूट /२४ वाल्याच्या पुढेच, मग तो कुठूनही आलेला असो. डिस्टन्सचा प्रश्न त्याच प्रीफिक्सचे दोन रूट समोर आले तरच येतो. हे वाचून पाठ होतं, पण समजलं ते ट्रेसरमध्ये लाईन तोडून टेबल बदलताना बघितल्यावरच.

या दिवसांत डंप, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न, विकणारे भेटले. “दोन हजारात सगळे प्रश्न, उत्तरं पाठ करा, पास.” माझ्यासारख्या दोघांनी घेतलेही. मी ठामपणे सांगतो, घेऊ नका. नियमाने ते फसवणुकीत बसतं आणि सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं. पण त्याहून वाईट म्हणजे मुलाखतीत समोरचा माणूस साध्या टोपोलॉजीवर, म्हणजे नेटवर्कच्या आराखड्यावर, बोट ठेवून “हे पॅकेट कुठून जाईल?” एवढंच विचारतो, आणि तिथे पाठ केलेलं एकही उत्तर उपयोगी पडत नाही.

मे २०२४ मध्ये दुसऱ्यांदा बसलो आणि पास झालो. राऊटिंगमध्ये ८४ टक्के. मला पास झाल्यापेक्षा त्या ८४ चा आनंद जास्त झाला.

त्यानंतर अँसिबल हे ऑटोमेशनचं साधन धरलं. २०१२ साली मायकल डीहान यांनी ते सुरू केलं, २०१५ मध्ये रेड हॅटने घेतलं. राऊटरवर काही इन्स्टॉल करावं लागत नाही, एसएसएच पुरतं, म्हणून आमच्यासारख्या जुन्या डिव्हाइसवाल्यांना ते परवडतं. काय करायचं त्यापेक्षा शेवटी काय असायला हवं ते यामल नावाच्या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहायचं. डिव्हाइस आधीच तसं असेल तर अँसिबल हात लावत नाही. ‘चेक’ आणि ‘डिफ’ देऊन चालवलं की काहीही न बदलता, काय बदलेल ते दाखवतं. त्या नोव्हेंबरात हे माझ्याकडे असतं तर!

पण ऑटोमेशनमध्ये मला सर्वांत जास्त वेळ कोडिंगला लागला नाही. तो लागला एक्सेलला. शाखांच्या यादीच्या तीन आवृत्त्या होत्या: एक आमच्याकडे, एक बँकेच्या आयटी विभागात, एक जुन्या व्हेंडरने दिलेली. जतच्या राऊटरचे तिन्हीकडे तीन आयपी. दोन शाखा जागा बदलून गेल्या होत्या. एका शाखेत नोंद नसलेला स्विच टेबलाखाली चालू होता, त्यावर अर्धा काउंटर. चौसष्ट शाखांना फोन करून, लॉगिन करून, काही ठिकाणी मोटारसायकलने जाऊन ती यादी खरी करायला पाच महिने गेले. आता ती एकच यादी गिटमध्ये आहे, आणि कुणी काय कधी बदललं ते दिसतं. ज्यांना ऑटोमेशन सुरू करायचंय त्यांनी पायथनच्या आधी आपली यादी उघडून बघावी.

सीसीएनएची मुदत तीन वर्षं असते, म्हणजे माझी मे २०२७ पर्यंत. तोवर सीसीएनपी या वरच्या पातळीच्या सर्टिफिकेटचा एन्कोर हा पेपर, ३५०-४०१, पास झालो तर तीही वाढते, म्हणून सध्या त्याचा अभ्यास चालू आहे. फी ४०० डॉलर. यावेळी आरडी मोडायची नाही, दर महिन्याला वेगळे काढतोय. आईची आरडी मागच्या दिवाळीत पुन्हा सुरू केली.

गेल्या महिन्यात उरलेल्या पंचावन्न शाखांमध्ये कॅमेरे आले. तोच व्हीलॅन ७०. आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलीने प्लेबुक, म्हणजे अँसिबलला द्यायची कामांची फाईल, लिहिलं होतं, मी ओळ अन् ओळ वाचली, ‘ॲड’ होता. तरी शनिवारी रात्री पहिली शाखा एकटीच घेतली, विट्याजवळची, छोटी. बदल गेला. दोघं दोन्ही फायली शेजारी शेजारी ठेवून बसलो. ट्रंकच्या ओळीत ७० वाढला होता, बाकीचे व्हीलॅन जागेवर होते. एटीएमला पिंग लागत होता. तिने विचारलं, “दादा, करू का कॅन्सल?” घड्याळात रीलोडला चार मिनिटं बाकी होती. मी म्हटलं, रूट टेबल पुन्हा एकदा बघ, मग कर.