पुढच्या वाचकाची वही

शाळेच्या या स्मरणिकेत मैदान, घंटा, सहली आणि छड्या यांच्या आठवणी बाकीचे माजी विद्यार्थी लिहितीलच. वाट्याला आलेली पानं मी ग्रंथालयाच्या टेबलावरच्या एका वहीला देतो. पेन पळू नये म्हणून ते दोरीनं बांधलेलं, पुठ्ठ्याचे कोपरे झिजलेले, आणि आत बालकादंबऱ्यांवर मुलांनीच लिहिलेली मतं. त्या वहीत कोणी काय लिहिलं यापेक्षा ती कशी आखली होती हे सांगण्यात मला जास्त रस आहे. कारण तशी वही कुठल्याही शाळेत आजही अर्ध्या तासात सुरू करता येते, आणि आखणी चुकली तर महिनाभरात तिच्यावर धूळ बसते.

वही २०० पानी, आखीव. पहिली चार पानं अनुक्रमणिकेला सोडायची. एका पानावर पंचवीस ओळी धरल्या तर शंभर नावं मावतात. उरलेल्या १९६ पानांत प्रत्येक कादंबरीला समोरासमोरची दोन पानं, म्हणजे फार तर ९७ कादंबऱ्या, कारण पाचवं आणि शेवटचं पान एकेकटं पडतं. अनुक्रमणिका वर्णानुक्रमे लावायचा मोह होतो, तो टाळावा. नवी पुस्तकं मध्ये घुसतात आणि खाडाखोड सुरू होते. वहीत आली त्या क्रमानं नावं लिहावीत. मतं फक्त डाव्या पानावर लिहायची, उजवं पान उत्तरांसाठी कोरं. ही एक गोष्ट पाळली नाही तर वहीचं हजेरीपत्रक होतं. एकाखाली एक नावं, एकाखाली एक मतं, आणि वरचं कुणी वाचलेलंच नसतं. उजवं पान कोरं दिसलं की दुसरा वाचक आपोआप समोरच्याशी बोलायला लागतो: ‘तुला भुयाराचं प्रकरण लांबलेलं वाटलं, मला तेच दोनदा वाचावंसं वाटलं.’ इथून पुढे वही चालवावी लागत नाही.

नोंद सहा ते आठ ओळींची. नाव, इयत्ता, वाचून संपल्याची तारीख, आणि मग तीन गोष्टी: कुठपर्यंत वाचलं, कुठे पकडलं, कुणाला द्यावं. कुठे पकडलं हे सांगताना पानाच्या आकड्याबरोबर प्रकरणाचा आकडाही लिहायचा, कारण आवृत्ती बदलली की पानं सरकतात. प्रकरणं सहसा सरकत नाहीत. पान ९ वर पकडणारी कादंबरी आणि पान ६० वर पकडणारी कादंबरी यांत फरक असतो तो दर्जाचा नव्हे, धीराचा. ‘पहिली तीन प्रकरणं नेटानं वाच, चौथ्यात बोट उलटते’ एवढी एक ओळ मलपृष्ठावरच्या सगळ्या मजकुरापेक्षा जास्त कामाची असते.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाची. ‘सर्वांनी वाचावी’ असं लिहिलं की कुणालाच सांगितलं नाही. ‘सातवीच्या मुलांना’ हेही फारसं उपयोगाचं नाही. ‘ज्याला नकाशे बघायला आवडतात त्याला’, ‘ज्याला प्राणी आवडतात पण गोष्टीत प्राणी मेलेला सहन होत नाही त्याला देऊ नका’, ‘नुकतंच जवळचं कुणी गेलं असेल तर थोडं थांबून’ या ओळी पुस्तक योग्य हातात नेऊन ठेवतात. एस. आर. रंगनाथन यांच्या १९३१ सालच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी दोन हेच सांगतात: प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. तेरा वर्षांची मुलगी हे काम सूत्र न वाचता करते, फक्त तिला प्रश्न नीट विचारायला हवा.

मुलांचं मत म्हणजे कौतुकानं ऐकून सोडून द्यायची गोष्ट नव्हे, याचा एक जुना दाखला आहे. १९३६ साली लंडनचे प्रकाशक स्टॅन्ली अनविन यांच्याकडे टोलकीन यांच्या ‘द हॉबिट’चं हस्तलिखित आलं. त्यांनी ते दहा वर्षांच्या आपल्या मुलाला, रेनरला वाचायला दिलं आणि अभिप्रायाचं मानधन म्हणून एक शिलिंग दिला. रेनरनं एका परिच्छेदात कथा सांगितली आणि शेवटी लिहिलं की नकाशे असतील तर चित्रांची गरज नाही, पुस्तक चांगलं आहे आणि पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल. पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. नकाशे आले आणि चित्रंही आली, तीही लेखकानंच काढलेली. त्या अभिप्रायात आमच्या वहीचा तिसरा रकाना आहे, बघा: कुणाला द्यावं. अर्थात दहा वर्षांच्या मुलानं पुस्तक आपल्याहून लहानांसाठी ठरवलं यात मुलांचा एक नेहमीचा स्वभावही दिसतो. स्वतःला मनापासून आवडलेलं पुस्तक ‘लहानांचं आहे’ म्हणून धाकट्यांच्या नावावर टाकायचं. वहीत असं दिसलं की समजावं, मत बहुधा त्याचंच आहे.

आता बिघाडांकडे येऊ. पहिला बिघाड ‘छान’. छान, मस्त, खूप आवडली, अप्रतिम. या शब्दांवर बंदी घालू नये, बंदी घातली की मुलं ‘सुंदर’ लिहितात. उपाय म्हणजे समोरच्या पानावर एकच शब्द लिहायचा: ‘कुठे?’ तो शिक्षकांनी नव्हे, पुढच्या वाचकानं लिहायचा. ‘का?’ असं मात्र विचारू नये. ‘का’ म्हटलं की उलटतपासणी वाटते आणि मूल शाळेला हवं ते उत्तर शोधू लागतं. ‘कुठे’चं उत्तर पुस्तकात बोट ठेवून देता येतं, आणि बोट ठेवता ठेवता ‘का’ आपोआप बाहेर पडतं.

दुसरा बिघाड सारांश. आठ ओळींपैकी सात ओळी गोष्ट, आठवी ‘मला ही कादंबरी आवडली’. याचं कारण मुलांच्या आळसात नाही, प्रश्नपत्रिकेत आहे. परीक्षेत पाठ वाचला याचा पुरावा म्हणजे गोष्ट पुन्हा सांगणं, आणि ती सवय वहीत उतरते. त्यावर साधा नियम असा: गोष्ट सांगायची तर कादंबरीच्या पहिल्या चतुर्थांशापर्यंतच. १६० पानांची कादंबरी असेल तर चाळिसाव्या पानाच्या पुढचं काही फोडायचं नाही. शेवटाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नसेल तर ते वहीच्या मागच्या बाजूनं, वही उलटी धरून लिहायचं आणि पुढे फक्त ‘शेवटाबद्दल मागे’ अशी खूण करायची. मागची म्हणून तीच पानं आधी उघडायचा मोह होतो हे खरं. पण उघडतात ती पुस्तक वाचून झालेली मुलंच जास्त, कारण रहस्यकथेचा गुन्हेगार आधी कळला तर तोटा आपलाच हे दहा वर्षांच्या मुलालाही कळतं.

तिसरा बिघाड मलपृष्ठाची नक्कल. ‘उत्कंठावर्धक’, ‘खिळवून ठेवणारी’, ‘भावविश्व’ हे शब्द पाचवीच्या अक्षरात दिसले की पुस्तक उलटं करून बघावं. ओरडायचं कारण नाही. पुस्तक न वाचणारं मूल हे करत नाही, लिहायचं कसं हे न कळलेलं मूल करतं. त्याला लिहायला न लावता दोन मिनिटं बोलतं करावं आणि तो बोलतो ते दुसऱ्या मुलानं वहीत उतरवावं.

आणि लाल पेन. वहीत ऱ्हस्व-दीर्घ सुधारले की त्या आठवड्यात वही थांबते. शुद्धलेखनासाठी दुसऱ्या वह्या आहेत.

वहीला जोड म्हणून चर्चा हवीच, पण ती फार मोठी असू नये. सहा ते आठ मुलं, एक कादंबरी, चाळीस मिनिटं. प्रती तीन-चारच असतील तर वाचायला तीन आठवडे द्यावेत. १८० पानांची कादंबरी रोज वीस पानं या गतीनं नऊ दिवसांत होते, मग प्रत हस्तांतरित. शेवटच्या मुलानं वाचून संपवल्यापासून दोन-तीन दिवसांत बसावं. आठवड्याहून जास्त गेलं की पात्रांची नावं आणि प्रसंगांचा क्रम विरतो, उरतं ते पुन्हा ‘छान’. बोलण्याआधी प्रत्येकानं चिठ्ठीवर दोन ओळी लिहायच्या. हे वगळलं की वर्गातलं सगळ्यात खणखणीत मूल आधी बोलतं आणि बाकीच्या पाच जणांचं मत जागच्या जागी बदलतं. चिठ्ठी हातात असली तर मूल निदान ‘मी वेगळं लिहिलंय’ एवढं तरी म्हणतं.

प्रश्नांसाठी ब्रिटिश लेखक आणि शिक्षक एडन चेंबर्स यांनी १९९३ मध्ये मांडलेली चौकट अजून कुणी मोडीत काढलेली नाही. काय आवडलं, काय आवडलं नाही, काय कोड्यात टाकतं, आणि कुठे काही जुळताना, पुन्हा पुन्हा येताना दिसलं. ‘का’ टाळून ‘सांग ना’ असं म्हणायचा सल्लाही त्यांचाच. पहिले दोन प्रश्न पाच मिनिटांत संपतात. खरी मजा तिसऱ्यात आहे. ‘त्यानं चोराला ओळखलं तरी सांगितलं का नाही?’ असं एकानं विचारलं की चौघं पुस्तक उघडतात. चौथा प्रश्न लहान वयात जड जातो. नऊ-दहा वर्षांची मुलं पुढे काय झालं यात असतात. बारा-तेराच्या आसपास ‘प्रत्येक वेळी पाऊस आला की खोटं बोललं जातं’ असं काहीतरी कुणीतरी म्हणतं, आणि मग मोठ्यांनी गप्प बसावं. लेखकानं ते मुद्दाम केलंय की नाही याचा निवाडा करायची घाई नको.

अंदाजाची चिठ्ठी हा याच्याच पोटातला खेळ. कादंबरीच्या निम्म्यावर, एखादं प्रकरण अर्धवट लटकत संपतं तिथे थांबायचं, पुढे काय होईल ते तीन ओळींत लिहून चिठ्ठी घडी करून पुस्तकाच्या शेवटच्या पानात ठेवायची. पूर्ण झाल्यावर उघडायची. अंदाज बरोबर आला याला किंमत नाही. चुकला तर लेखकानं कुठे चकवलं ते शोधायला मागे जावं लागतं, आणि तेच दुसरं वाचन.

अर्धवट सोडलेल्या पुस्तकांची नोंद बहुतेक शाळांच्या वह्यांत नसते. ती लाजेची गोष्ट मानली जाते, म्हणून कुठपर्यंत वाचलं हा रकाना आधी ठेवलाय. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ च्या पुस्तकात वाचकाचे दहा हक्क सांगितले, त्यात पुस्तक न संपवण्याचा हक्क आहे, पानं गाळण्याचाही आहे. वहीसाठी यात एक व्यवहारही आहे. एका मुलानं पान ३४ वर सोडलं तर तो त्याचा प्रश्न. तिघांनी ३० ते ४० च्या दरम्यान सोडलं तर तिथे पुस्तकात काहीतरी अडतंय. अनुवादित कादंबरीत बहुतेकदा अडतात ती नावं. चार पात्रं एकाच अक्षरानं सुरू होतात, त्यात प्रत्येकाला नाव, आडनाव आणि टोपणनाव, आणि लेखक तिन्ही आलटून पालटून वापरतो. उपाय चार बोटं रुंदीची जाड कागदाची खूणपट्टी: तिच्यावर पहिल्या वाचकानं पात्रांची नावं आणि नाती लिहून ती त्याच प्रतीत ठेवून द्यायची. नावं अडत नसतील तर वाक्यं अडत असतात, मूळ भाषेचा सांगाडा घेऊन आलेली, तीन-तीन ‘जो-तो’ लावलेली. त्याला खूणपट्टीचा इलाज नाही, दुसरा अनुवाद मिळाला तर बघावं.

ताऱ्यांचा नाद मात्र करू नये. पाचपैकी किती तारे हे विचारलं की सरासरी निघते, आणि सरासरीत सगळ्यात चांगल्या चर्चेचं पुस्तक हरवतं. तिघांनी पाच तारे दिले, तिघांनी एक, तर हिशेब तीन तारे, म्हणजे ‘बरी आहे’. प्रत्यक्षात हीच कादंबरी पुढच्या चर्चेला घ्यायला हवी. त्यापेक्षा तीन खुणा पुरतात: पुन्हा वाचेन, एकदा पुरे, सोडली. या खुणा बेरजेसाठी नाहीत, म्हणून त्या खोटं बोलत नाहीत.

प्रामाणिक मत मिळणं सगळ्यात अवघड असतं ते मोठ्यांच्या आदराच्या पुस्तकांवर. ‘श्यामची आई’ घ्या. ती कादंबरी की आत्मकथन हा वाद राहू द्या. बेचाळीस रात्रींत विभागलेली असल्यानं रोज एक रात्र असं वाचायला ती फार सोयीची आहे. पण अभिप्राय आधीच ठरलेला असतो: ‘आईवर प्रेम करावे हे समजले.’ साठ मुलांचं एकच वाक्य. इथे बोध विचारूच नये. कुठल्या रात्री श्यामचा राग आला, कुठे आईचं चुकलं असं वाटलं, एवढंच विचारावं. पहिल्यांदा शांतता पसरते, मग एक हात वर होतो, आणि पुढची वीस मिनिटं पुस्तकातला मुलगा तसबिरीतून उतरून बाकावर येऊन बसतो. हे पुस्तकाचा अवमान वाटत असेल तर तो गैरसमज आहे. ज्या मुलाशी भांडता येतं त्याचीच गोष्ट लक्षात राहते.

मोठ्यांचं आणि मुलांचं मत जुळलंच पाहिजे असंही नाही. जर्मनीत बाल-कुमार साहित्याचा राष्ट्रीय पुरस्कार १९५६ पासून दिला जातो. २००३ पासून तिथे मोठ्यांच्या मंडळाबरोबर मुलांचं वेगळं परीक्षक मंडळ आहे, आणि ते आपलं पुस्तक स्वतंत्रपणे निवडतं. शाळेत एवढा थाट नको. वर्षाअखेरीला शिक्षकांनी पाच नावं काढावीत, मुलांनी पाच, आणि दोन्ही याद्या ग्रंथालयाच्या दारावर शेजारी शेजारी लावाव्यात. बहुधा दोन नावं सारखी निघतात. उरलेल्या तिन्हींपाशी गर्दी होते.

वही भरली की नवी सुरू करताना जुनी कपाटात बंद करू नये. दोन्ही टेबलावर राहू द्याव्यात. नव्या वहीच्या पहिल्या पानावर जुन्या वहीतले अनुत्तरित प्रश्न उतरवून घ्यावेत, पुस्तकाचं नाव, प्रकरण आणि प्रश्न विचारल्याचं साल यांसह. काही प्रश्नांना उत्तर यायला दोन वर्षं लागतात; विचारणारं मूल तोवर शाळा सोडून गेलेलं असतं, आणि उजव्या पानावर कुणीतरी अनोळखी अक्षरात लिहितं: ‘प्रकरण अकरा पुन्हा वाच. त्यानं सांगितलं होतं, पण पत्रात.’